नियंत्रण वाफा

पाने आम्ही भर दुपारी खुडतो.
प्रत्येकाच्या नाण्याएवढ्या चकत्या पाडायच्या,
वजन करायचे,
रात्रभर पाण्यात तरंगत ठेवायच्या,
सकाळी टिपकागदाने पुसून पुन्हा वजन.
रात्रीत जेवढे पाणी पान पिते
तेवढे त्याला कमी पडले होते.
तहान मोजायची दुसरी रीत
मला कुणी शिकवलेली नाही.

तुर्बत-ए-जामच्या खाली, एकशेवीस दिवसांच्या वाऱ्यात,
खरबुजाचे बारा वाण.
पाण्याचे तीन हिस्से: पोटभर, अर्धपोटी,
आणि धुगधुगी राहील इतके.
अहवालात मी त्यांना टक्के म्हणते.

नळीच्या चाव्या नौरूझअलीकडे.
त्याचा बाप कनातीवर मीराब होता,
तांब्याचे घटिकापात्र घंगाळात सोडायचा,
ते बुडाले की एका घराचा वाटा संपला.
पाणी मोजायचे ते पाण्यातच काहीतरी बुडवून,
असे म्हणून तो माझ्या तराजूकडे बघतो.

चार नंबर दुपारी ओल्या फडक्यासारखा पडतो
आणि संध्याकाळच्या बांगेला ताठ उभा.
नाटकी, म्हणतो नौरूझअली.
मी लिहिते: पाने मिटून बाष्प वाचवतो.
नऊ नंबर देखणा. गर्द हिरवा.
भर उन्हातही पानांची रंध्रे सताड उघडी,
नाही ते पाणीही उधळत बसतो.
अकरावा हझरतगुल नावाच्या विधवेच्या पिशवीतून आलेला,
पाने खरखरीत, लवदार,
महिनाभर वर काही दिसतच नाही.
मग चार फळे धरतो, तीन स्वतःच गाळतो,
चौथ्याला वाढवतो.
मी वहीत ‘निर्दय’ लिहिले.
मग खोडले.

तीर महिन्याच्या बावीस तारखेला बोअरची मोटर जळली.
सुटा भाग मशहदहून यायचा होता.
अकरा दिवस.

पहिल्यांदा बसला तो पोटभर पाण्याचा वाफा,
ज्याच्याशी बाकी सगळ्यांची तुलना करायची तो.
पाचव्या दिवशी. सगळे वाण, अकरावासुद्धा.
तेच बी, तीच हझरतगुलची पिशवी;
उकरून पाहिले तर मुळे वीतभर,
वरच्या ओलीत पाय पसरून बसलेली.
खाली जायचे कशाला?

आणि धुगधुगीच्या वाफ्यात
नऊ नंबरची दोन रोपे उभी होती,
तोच उधळ्या.
माझा हात कोपरापर्यंत मातीत गेला,
मूळ त्याच्याही खाली.
मी तशीच पालथी पडून राहिले बराच वेळ,
गालाला माती गरम लागत होती,
दोन महिने ज्याला नावे ठेवली
त्याची माफी कोणत्या रकान्यात मागायची
ते सुचेना.

सरांचा फोन आला: हे आकडे धरू नका, रूहंगीझ.
नियंत्रणच राहिले नाही तर प्रयोग कसला?
बरोबर आहे त्यांचे.
अहवालात ते अकरा दिवस नाहीत.
वेगळ्या वहीत आहेत, मातीच्या बोटांनी लिहिलेले,
वाचता येतील की नाही शंका आहे.

शेवटी अकराव्याचे एक खरबूज हाती आले.
सहाशे चाळीस ग्रॅम.
बाजारात कुणी हात लावला नसता.
भिंगाखाली थेंब ठेवला: साखर सोळा.
नौरूझअलीने आकडा विचारला नाही,
चाकू पुसला, अर्धे मला दिले,
आणि सालीपर्यंत, सालीच्या हिरव्या कडूपर्यंत
गुमान खात राहिला.

बिया मी कागदावर वाळत घातल्या.
दोनशे बारा.
चहा पिऊन आल्यावर पुन्हा मोजल्या, सवयीने.
दोनशे नऊ.
नौरूझअली आभाळाकडे बघत होता,
जिथे ढगाचे नावही नव्हते,
एक हात खिशात.
मी वहीत दोनशे नऊ लिहिले.